लँडिंगच्या क्षणी विमान पुन्हा वर का जातं? सोलापूरकर प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानं सुरू झाली. ज्या घरांत आजवर फक्त सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन व्हायचं, तिथली माणसं आता विमानाची तिकिटं काढू लागली आहेत. मी मूळचा सोलापूरचा, विमान चालवणं हा माझा व्यवसाय. गावी आलो की लोक भाड्याबद्दल किंवा सामानाबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारतात ते हे, की उतरता उतरता विमान परत वर का गेलं. पावसाळ्यात मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने तर हे विचारायचंच. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या उत्तरांत मुख्य भर आहे तो ढगात, पावसात किंवा धुक्यात उपकरणांवर भरवसा ठेवून केलेल्या लँडिंगवर.

विमान खाली आलं होतं, चाकं बाहेर आली होती आणि एकदम जोरात वर गेलं. काय झालं होतं वो?

पायलटने ते लँडिंग सोडून दिलं. कारण तुम्हाला सीटवरून कळत नाही, पण कारणांची यादी मोठी नसते: ठरलेल्या उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसली नाही, वारा अचानक फिरला, वेग किंवा उतार हवा तसा बसला नाही, किंवा पुढचं विमान अजून धावपट्टीवरच होतं. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर हे शेवटचं कारण स्वच्छ उन्हातसुद्धा घडतं. विमानात बिघाड झाला म्हणून वर गेलं, असं लोकांना पहिल्यांदा वाटतं. बहुतेक वेळा विमान ठणठणीत असतं.

गो-अराउंड आणि मिस्ड अ‍ॅप्रोच एकच का?

रोजच्या बोलण्यात एकच. बारकाईने पाहिलं तर लँडिंग सोडून वर जाण्याच्या कृतीला गो-अराउंड म्हणतात, आणि वर गेल्यावर कुठल्या दिशेने, किती उंचीपर्यंत आणि कुठे जायचं याचा जो छापील मार्ग असतो त्याला मिस्ड अ‍ॅप्रोच. तो मार्ग अ‍ॅप्रोचच्या (म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याच्या वाटेच्या) नकाशावर तुटक रेषेने काढलेला असतो आणि खाली उतरायला लागण्याआधीच दोन्ही पायलट तो मोठ्याने वाचून घेतात.

ढगात काहीच दिसत नसताना विमान धावपट्टीच्या तोंडापर्यंत येतं तरी कसं?

मोठ्या विमानतळांवर आयएलएस नावाची यंत्रणा असते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक अँटेना असतो, तो विमान मधल्या रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगतो. त्याला लोकलायझर म्हणतात. दुसरा अँटेना धावपट्टीच्या कडेला, विमान टेकतं त्या जागेच्या आसपास असतो. तो उतार सांगतो, त्याचं नाव ग्लाइड स्लोप. हा उतार साधारण ३ अंशांचा असतो, म्हणजे दर सागरी मैलाला ३०० फुटांपेक्षा थोडं जास्त खाली. कॉकपिटमधल्या पडद्यावर दोन छोटे हिरे दिसतात, एक बाजू दाखवणारा आणि एक उतार दाखवणारा. दोन्ही मध्यावर ठेवले की विमान एका अदृश्य उतरंडीवरून बरोबर खाली येत राहतं. बाहेर पांढऱ्या ढगाखेरीज काही नसलं तरी.

मग "आता उतरायचं की नाही" हे पायलट नेमकं कधी ठरवतो?

एका ठरलेल्या उंचीवर. तिला डिसिजन अल्टिट्यूड म्हणतात. साध्या आयएलएसवर, म्हणजे कॅटेगरी १मध्ये, ती धावपट्टीपासून २०० फुटांपेक्षा कमी नसते.

२०० फूट म्हणजे साधारण ६० मीटर. ३ अंशांच्या उतारावर या उंचीला धावपट्टीचं तोंड अजून ८५० ते ९०० मीटर पुढे असतं. त्या हवामानात दिसायला हवं किती, तर धावपट्टीवर किमान ५५० मीटर. हिशेब जुळत नाही असं वाटेल. जुळतो, कारण धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर ९०० मीटरपर्यंत अ‍ॅप्रोच लाइटच्या रांगा लावलेल्या असतात. पायलटला त्या क्षणी धावपट्टीच दिसली पाहिजे असं नाही; ते दिवे दिसले आणि विमान त्यांच्या रेषेत आहे हे कळलं तरी तो पुढे जाऊ शकतो.

एक पायलट उपकरणांवर विमान चालवत असतो, दुसरा लक्ष ठेवून असतो आणि मधूनमधून बाहेर नजर टाकतो. ठरलेल्या उंचीच्या थोडं आधी "अ‍ॅप्रोचिंग मिनिमम्स" असा पुकारा होतो, मग "मिनिमम्स". या शब्दाला दोनच उत्तरं आहेत: "लँडिंग" किंवा "गो अराउंड". "बघू या", "येतंय बहुतेक", "अजून थोडं खाली जाऊ" अशी तिसरी उत्तरं नसतात. जेट विमान त्या वेळी मिनिटाला सातशे फुटांच्या आसपास वेगाने खाली येत असतं. २०० फुटांपासून जमिनीपर्यंत सोळा-सतरा सेकंद उरलेले असतात आणि एवढ्या वेळात चर्चा होऊ शकत नाही. म्हणून निर्णयाची अट जमिनीवर, शांत डोक्याने आधीच ठरवलेली असते.

दिवे दिसले, खाली गेलो आणि पुन्हा ढग आडवा आला तर?

लगेच वर. आधी दिसलं होतं याला काही किंमत नाही, आत्ता दिसतंय का एवढंच बघायचं. जोराच्या सरीत विंडशील्डवर पाणी फिरलं की दिसणारे दिवे क्षणात पुसट होतात.

सगळीकडे हीच २०० फुटांची मर्यादा असते का?

नाही. कॅटेगरी २मध्ये निर्णयाची उंची १०० फुटांपर्यंत खाली येते, आणि कॅटेगरी ३मध्ये त्याहूनही खाली. दिल्लीच्या हिवाळी धुक्यात उतरणारी विमानं कॅटेगरी ३-बी वापरतात. तिथे ५० मीटर दिसत असलं तरी ऑटोपायलट विमान टेकवू शकतो. पण त्यासाठी विमानतळ, विमान आणि पायलट तिघांनाही वेगळी मंजुरी लागते. दिल्लीला विमान का उतरलं नाही म्हणून चिडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिघांपैकी एकाचीही मंजुरी नसेल तर ते विमान वळवावंच लागतं.

दुसऱ्या बाजूला, जिथे ग्लाइड स्लोपच नाही, नुसती दिशा सांगणारी यंत्रणा आहे, तिथे मर्यादा वर सरकते, बऱ्याचदा चारशे-पाचशे फुटांवर किंवा त्याहून वर. तिथल्या किमान उंचीला एमडीए म्हणतात आणि तिचा नियम जास्त कडक आहे. डिसिजन अल्टिट्यूडवर "गो अराउंड" म्हटल्यानंतर विमान काही फूट खाली जाऊन मग वर उचललं जातं आणि हे गृहीत धरलेलं असतं. एमडीएच्या खाली मात्र धावपट्टी दिसल्याशिवाय एक फूटही जायचं नाही.

लहान विमानतळांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली गगन ही उपग्रहावर चालणारी यंत्रणा. तिच्यासाठी धावपट्टीजवळ आयएलएसचे महागडे अँटेना लावावे लागत नाहीत. २०२२च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगढला एटीआर-७२ जातीचं विमान गगनच्या मदतीने उतरवून बघितलं गेलं. सोलापूर-गोवा मार्गावर तुम्ही ज्या पंख्याच्या विमानात बसता, तीच ही जात. लहान शहरांचं भलं या तंत्रात आहे असं मला मनापासून वाटतं.

"गो अराउंड" म्हटल्यावर कॉकपिटमध्ये काय होतं?

तुम्हाला मागे फक्त इंजिनाचा आवाज वाढलेला ऐकू येतो आणि पाठ सीटला दाबली जाते. पुढे एका ओळीने या गोष्टी चाललेल्या असतात.

चालवणारा पायलट "गो अराउंड, फ्लॅप्स" म्हणतो, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पुढे ढकलतो किंवा त्यावरचं गो-अराउंडचं बटण दाबतो आणि त्याच वेळी नाक वर घेतो. ताकद आणि नाक एकाच वेळी, कारण नुसती ताकद दिली तर विमान जमिनीकडेच वेगाने जाईल, आणि नुसतं नाक उचललं तर वेग पडेल. दुसरा पायलट फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली उघडणारे भाग, एक पायरी आत घेतो. लँडिंगचे पूर्ण उघडे फ्लॅप्स हवेला अडवतात, त्यांच्यासकट चांगलं चढता येत नाही. पण सगळे एकदम आत घेतले तर विमान खाली बसतं, म्हणून एकच पायरी. मग तो उंची दाखवणाऱ्या काट्याकडे बघतो. काटा खरंच वर चढतोय याची खात्री झाली की म्हणतो, "पॉझिटिव्ह क्लाइम्ब". त्यावर उत्तर येतं, "गिअर अप", आणि चाकं आत जातात. चाकं आधी घ्यायची नाहीत, कारण अगदी खालून वर निघालेलं विमान क्षणभर धावपट्टीला टेकूही शकतं.

त्यानंतर दिशा. ऑटोपायलटला मिस्ड अ‍ॅप्रोचच्या मार्गावर लावायचं आणि किती उंचीवर थांबायचं ते तपासायचं. ती उंची विमान ग्लाइड स्लोपवर आलं तेव्हाच लावून ठेवलेली असते.

आणि सगळ्यात शेवटी रेडिओवर दोन शब्द: "गोइंग अराउंड". आधी विमान सांभाळायचं, मग वाट धरायची, मग बोलायचं, हा क्रम पहिल्या दिवसापासून अंगात भिनवला जातो. केबिनमध्ये पायलटची घोषणा चार-पाच मिनिटं उशिरा का येते याचंही उत्तर यातच आहे. त्या वेळी तुमच्याशी बोलायला तो मोकळा नसतो.

ढगातून आंधळेपणाने वर जाताना टेकडीवर किंवा टॉवरवर आदळणार नाही हे कोण बघतं?

हा प्रश्न सोलापूरकराला शोभतो. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या को-जनरेशन प्रकल्पाची चिमणी विमानसेवेच्या आड येते म्हणून शहरात किती वर्षं वाद चालला ते सगळ्यांना आठवत असेल. सुमारे ९० मीटर उंचीची ती चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, काहींनी पेढे वाटले. त्या वादात कोण बरोबर होतं ते मी इथे ठरवत नाही, पण एक चिमणी विमानाला एवढी का अडते, हे हिशेबाने सांगता येतं.

मिस्ड अ‍ॅप्रोचचा मार्ग आखताना असं धरतात की विमान दर १०० मीटर अंतराला फक्त अडीच मीटर वर चढेल, म्हणजे किलोमीटरला २५ मीटर. वाटेतल्या अडथळ्याच्या वर सुरुवातीच्या चढणीत किमान ३० मीटर मोकळे राहिले पाहिजेत, आणि पुढे ५० मीटर. आता नमुन्यादाखल कुठल्याही धावपट्टीपुढे ९० मीटरची चिमणी आहे असं समजा. ६० मीटरवरून वर निघालेल्या विमानाला १२० मीटर गाठायचे आहेत. या संथ चढणीने त्याला जवळपास अडीच किलोमीटर लागतील. चिमणी त्याच्या अलीकडे, विमानाच्या वाटेत असेल, तर आखणाऱ्यापुढे तीनच मार्ग राहतात: निर्णयाची उंची वाढवायची, म्हणजे खराब हवेत विमानं जास्त वेळा परत जाणार, वाट वळवायची, किंवा विमानांनी जास्त चढ घेतलाच पाहिजे अशी अट घालायची.

प्रत्यक्षात दोन्ही इंजिनं चालू असलेलं विमान याच्या कितीतरी पट वेगाने चढतं. हा हिशेब वाईटातल्या वाईट दिवसासाठी आहे. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडलेल्या अवस्थेतही गो-अराउंडमध्ये किमान २.१ टक्के चढलं पाहिजे अशी प्रमाणपत्राची अट असते. २.१ हा २.५ पेक्षा कमी आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणूनच कंपनीला प्रत्येक विमानतळासाठी त्या दिवसाचं वजन आणि तापमान धरून वेगळा हिशेब करावा लागतो, आणि गरज पडली तर प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं.

आपल्या उन्हाळ्याचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि मोठा आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,००० फुटांच्या आसपास उडतोय असंच वाटतं. इंजिनाची ताकद घटते, पंखांची उचल घटते, चढण मंदावते. दुपारच्या विमानात एखाद्या वेळी कमी माणसं घेतली जातात ती याच गणितामुळे.

संध्याकाळचा वळीव हा दुसरा धोका. वादळी ढगाखालून सुटणारा वारा आधी समोरून लागतो आणि काही सेकंदांत मागून. वेग धपकन पडतो. अशा वेळी वर जाण्याची पद्धतही बदलते: पूर्ण ताकद द्यायची, नाक वर घ्यायचं, पण फ्लॅप्स आणि चाकं आहेत तशीच ठेवायची. त्यांची हालचाल विमान वाऱ्याच्या तावडीतून सुटल्यावर.

वर जाताना विमान उलटं होतंय की काय असं वाटतं. तसं होतं का?

होत नाही. तुमचे कान फसवतात. कानाच्या आत तोल सांगणारा जो अवयव आहे त्याला "पुढे वेगाने ढकललं जाणं" आणि "मागे कलणं" यातला फरक कळत नाही. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे चूक दुरुस्त करतात. ढगात किंवा रात्री ते जमत नाही.

प्रवाशाला यात फक्त भीती वाटते, पायलटचा मात्र यात जीव जाऊ शकतो. नाक फार वर गेलं असं वाटून त्याने ते खाली दाबलं तर विमान सरळ जमिनीकडे जातं. २००० साली बहारीनला गल्फ एअरचं विमान रात्री गो-अराउंड करताना समुद्रात पडलं आणि १४३ जण गेले. २०१३ मध्ये रशियात कझानला ५० जण आणि २०१६ मध्ये रोस्तोव्हला ६२ जण गो-अराउंडमध्येच गेले. सिम्युलेटरमध्ये आम्हाला म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगतात की पोटाचं ऐकू नका, पडद्यावरचं कृत्रिम क्षितिज बघा. लँडिंग सोडणं हा सुरक्षित निर्णय आहे, पण तो हाताने नीट पार पाडावा लागतो. सरावाविना जमत नाही.

इंधन संपलं तर?

इंधन भरतानाच हे धरलेलं असतं. ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं, वाटेतल्या उशिरासाठी थोडं, तिथून वर जाऊन पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर जेट किंवा टर्बोप्रॉप विमानाला १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव. या शेवटच्या राखीवाला हात लागणार अशी वेळ आली तर पायलटला "मेडे फ्युएल" पुकारावं लागतं आणि मग बाकी सगळी विमानं बाजूला केली जातात.

किती वेळा प्रयत्न करायचा? बऱ्याच कंपन्यांमध्ये हवा सुधारल्याची खबर नसेल तर दोनदा, मग दुसरीकडे. मुंबईला निघालेलं विमान हैदराबादला किंवा अहमदाबादला उतरलं की प्रवासी भडकतात. लग्न चुकतं, परीक्षा चुकते, ते दुःख खरंच आहे. तरी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाचा आग्रह धरणारा पायलट मला नको असतो, आणि तुम्हालाही नको असावा.

गो-अराउंड करणारा पायलट कच्चा असतो का?

हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं विमान उंच आणि वेगात होतं, उतार बसलेला नव्हता. चौकशीत निष्पन्न झालं की सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड करायला सांगितलं होतं. विमान तरीही उतरवलं गेलं, धावपट्टी संपून दरीत गेलं, १५८ जण गेले, ८ वाचले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात पहिला प्रयत्न सोडून दिला गेला, तो निर्णय योग्य होता. दुसऱ्या प्रयत्नात मागून वारा होता, विमान धावपट्टीवर सुमारे ४,४०० फूट पुढे जाऊन टेकलं आणि टोकावरून खाली कोसळलं. २१ जण गेले. त्या दुसऱ्या वेळीही वर जायला हवं होतं.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासानुसार जगात जितकी लँडिंग नीट न बसलेल्या अ‍ॅप्रोचने सुरू होतात, त्यांतली फक्त ३ टक्क्यांच्या आसपास सोडून दिली जातात. बाकीचे पायलट "जमून जाईल" म्हणून उतरतात, आणि बहुतेकदा जमतंही. तिथेच घात आहे. दहा वेळा जमलं की अकराव्यांदा नियम मोडताना मन कचरत नाही. ढगात असताना १,००० फुटांवर वेग, उतार, फ्लॅप्स, इंजिनाची ताकद यांतलं एक जरी जागेवर नसेल तर वर जायचं, असा दंडक आहे. आणि वर गेल्याबद्दल पायलटला शिक्षा करायची नाही असं कंपन्यांच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. कनिष्ठ पायलटने "गो अराउंड" म्हटलं तरी वरिष्ठाने ते मानायचं. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायची सवय नाही, त्यामुळे ही गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते.

चाकं टेकल्यावरही वर जाता येतं?

येतं. मात्र एकदा इंजिनाचा उलटा झोत चालू केला की विमान थांबवायचंच, मग परत वर जाण्याचा विचार नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या विमानाची चाकं टेकली आणि मग पायलटने गो-अराउंडचं बटण दाबलं. चाकं टेकल्यावर ते बटण काम करत नाही, अशी त्या विमानाची रचना होती. इंजिनं मंदच राहिली, चाकं आत गेली आणि विमान धावपट्टीवर आपटलं. आतले सगळे ३०० जण वाचले, आग विझवणारा एक जवान गेला. तेव्हापासून बटण दाबल्यावर थ्रॉटल खरंच पुढे गेला का, हे हाताने तपासण्यावर प्रशिक्षणात जास्त भर असतो.

अशा वेळी आम्ही काय करायचं?

पट्टा बांधून बसा. मोबाइल काढून शूटिंग करत उठू नका. पुन्हा लँडिंगला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात.

मुलीला पायलट व्हायचंय. हे तिला शिकवतात का?

शिकवतात, आणि जमल्याशिवाय पास करत नाहीत. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी केवळ उपकरणांवर ४० तास, त्यांतले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर. महाराष्ट्रात बारामती आणि गोंदिया इथे प्रशिक्षण मिळतं. त्या ४० तासांत तिला बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर झापड लावतात, ठरलेल्या उंचीपर्यंत आणतात आणि तिथे झापड काढतच नाहीत. धावपट्टी समोर असते, प्रशिक्षकाला दिसत असते, पण तिला दिसलेली नसते, म्हणून तिने वर जायचं. दोन इंजिनांच्या विमानावरच्या परीक्षेत त्याच क्षणी प्रशिक्षक एका इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढतो, आणि उरलेल्या एका इंजिनावर तिला तोच मार्ग धरून दाखवावा लागतो.